पाणी मुरतं तिथे

त्रिएस्तेच्या इस्पितळात, तळमजल्यावर, दोन खोल्या.
मधल्या भिंतीत काचेची खिडकी.
अलीकडे मळकं, पलीकडे स्वच्छ,
आणि खिडकीतून गेलेली नळी
उलट्या पावली येत नाही.

निवेस गोम्बाच एकोणीस वर्षं अलीकडे उभी आहे.
कोपरापर्यंत मोजे, तोंडावर पारदर्शक ढाल,
समोर स्टीलचं टाकं.
वर कुणाच्या तरी पोटात आत्ताच उजेड पडला होता;
तोच उजेड आता तिच्या हातात,
विझलेला, सव्वा मीटर लांब, बुळबुळीत.
सुकायच्या आत धावत आणलेला.
सुकलं की चिकटतं,
चिकटलं की राहतं,
राहिलं की पुढच्या माणसाच्या घरी जातं.

आधी हवा भरायची, मग बुडवायचं.
मोहरीएवढा बुडबुडा आला
तरी नळी दुरुस्तीला.
मग ब्रश: इकडून आत, तिकडून बाहेर,
बाहेर आला की त्याच्याकडे बघायचं,
पुन्हा आत.
टोकाशी नखाएवढी एक झडप, झडपेमागे खाच.
माहितीपत्रकातल्या चित्रात ती खाच नीट दिसत नाही.
निवेसच्या करंगळीला ती पाठ आहे.

सोवळं म्हणावं, तर इथे माणसाचा विटाळ नाही.
विटाळ फक्त घाईचा.

फेब्रुवारीत प्रयोगशाळेचा कागद आला:
चार नंबरच्या नळीत जंतू वाढलेत.
डॉक्टर देपांगेर म्हणाले, यंत्र बिघडलं असेल.
यंत्रवाला म्हणाला, यंत्र ठणठणीत आहे.
औषधाचा उग्र, व्हिनेगरसारखा वास
नेहमीसारखाच नाकात चढत होता,
वहीतल्या सगळ्या रकान्यांत सह्या होत्या.
निवेस म्हणाली, कुठेतरी पाणी मुरतंय.
आपण हे संशयाला म्हणतो.
ती शब्दशः बोलत होती.

रात्री ती एकटी थांबली.
कपाटातल्या नळ्या उंचावरून लोंबत होत्या,
वाळत घातलेल्या, कुणाच्याच नसलेल्या.
चार नंबरखाली तिनं टिपकागद धरला
आणि आत हवा सोडली.
तीन थेंब.
फक्त तीन. पण थेंबाला काय,
थेंबाला रात्र मिळाली की गाव वसतं.

वही उघडली. शुक्रवार, संध्याकाळ.
हवेनं सुकवणे: दहा मिनिटं, असं लिहिलेलं.
खाली सही.
सही तिचीच होती.
त्या दिवशी बोरा सुटला होता,
तो वारा सुटला की माणसं खांबांना धरून चालतात,
आणि वर कार्स्टला जाणारी शेवटची बस
कधीकधी निघतच नाही.
दहा मिनिटांची दोन झाली होती.
लिहिताना मात्र दहाच राहिली.

सकाळी तिनं ते स्वतःच सांगितलं.
खोली गप्प. कुणीतरी खुर्ची सरकवली.

पाच जणांना फोन गेले.
बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेला एर्मान्नो वास्कोत्तो
टोपी हातात घेऊन आला, विचारू लागला,
माझ्या आत काय विसरलात?
निवेस बाकावर त्याच्या शेजारी बसली.
काही विसरलो नाही, म्हणाली,
थोडं पाणी राहिलं, माझ्याकडून.
तो बराच वेळ टोपीची कड फिरवत राहिला.
मग म्हणाला, जहाजावरही लोखंड
पाण्यानंच जातं, वादळानं नाही.

अहवाल आले. एक, दोन, तीन, चार कोरे.
पाचवा उशिरा आला. तोही कोरा.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत;
न झालेल्या तापाला टाळ्या नसतात.

आता भिंतीवर घड्याळ आहे, ठळक आकड्यांचं.
नळीतून हवा शिट्टी घालत जाते,
बाहेर बोरा तसाच जातो,
गच्चीवरच्या चादरी कडक करत.
सातवं मिनिट.
वरून फोन वाजतो: रुग्ण टेबलावर आहे, नळी कुठे?
अजून नाही, ती म्हणते.
आठव्याला पुन्हा वाजतो.
तिच्या हातात मोजे आहेत.
ती वाजू देते.